ऋणभाराचा हिशेब

मराठीत 'ऋण' या शब्दाला दोन अर्थ आहेत. सावकाराच्या वहीत ते कर्ज असते आणि गणिताच्या वहीत ते उणे चिन्ह असते. विद्युत्शास्त्राने यांपैकी दुसरा अर्थ उचलला आणि 'ऋणभार' हा शब्द रूढ केला. ज्या पदार्थाचा इतिहास आज मी आपल्यापुढे मांडणार आहे, त्याच्या बाबतीत मात्र हे दोन्ही अर्थ एकमेकांना भेटतात. तो पदार्थ म्हणजे फॉस्फेट. आपला शेतकरी नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्रयी एका दमात उच्चारतो. तिच्यातल्या स्फुरदाचा एक अणू आणि त्याच्याभोवती प्राणवायूचे चार अणू, अशी ही चिमुकली रचना आहे. आपली हाडे, आपले रक्त, स्नायूंची शक्ती आणि आईबापांकडून मिळालेला आनुवंशिक वारसा या सर्वांत ती बसलेली आहे. जिथे जिथे ती बसते, तिथे तिथे ती काही ऋणभार बाळगून असते.

तो भार नेमका किती? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. एक, दोन की तीन, एवढाच काय तो फरक. परंतु या बेरीज-वजाबाकीपायी विसाव्या शतकातला एक थोर रसायनज्ञ सपशेल चुकला. आजही रुग्णालयातला वैद्य हीच बेरीज-वजाबाकी करून रक्ताच्या अहवालाचा अर्थ लावतो. आणि हा हिशेब स्फटिकांतून प्रत्यक्ष वाचून दाखवण्याचे काही काम आपल्या याच बेंगळूरु शहरात झाले. मी रसायनज्ञ नव्हे. सरकारी चाकरीत ताळेबंद वाचण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, असा मी एक इतिहासप्रेमी आहे. कदाचित म्हणूनच या हिशेबाचे मला विशेष आकर्षण वाटते.

स्फुरदाचा शोध जुना आहे. १६६९ साली हॅम्बुर्ग शहरात हेनिग ब्रांड नावाचा किमयागार मानवी मूत्र आटवून त्यातून सोने काढू पाहत होता. सोने मिळाले नाही. अंधारात आपोआप उजळणारा एक पदार्थ हाती आला. बरोबर दोनशे वर्षांनी, १८६९ साली, ट्युबिंगेन येथे फ्रीडरिख मीशर या तरुण वैद्याने जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून पेशींची केंद्रके वेगळी केली. त्या केंद्रकांत त्याला स्फुरदाने समृद्ध असा एक अपरिचित पदार्थ सापडला. पुढे त्याला 'न्यूक्लिइक आम्ल' हे नाव पडले. या नावातला 'आम्ल' हा शब्द आपण ध्यानात ठेवावा. आपल्या कथेतला सर्वांत मोठा प्रमाद हा एवढासा शब्द विसरल्यामुळे घडला आहे.

आम्ल म्हणजे काय, याची आधुनिक समज स्वीडनच्या स्वांटे अरेनियस यांच्या १८८४ सालच्या प्रबंधापासून सुरू होते. काही पदार्थ पाण्यात विरघळताच विद्युत्भारित तुकड्यांत, म्हणजे आयनांत, विभागले जातात असे त्यांनी सांगितले. आम्ल पाण्यात पडले की आपल्याजवळचा हायड्रोजन धनभारित प्रोटॉनच्या रूपाने सोडून देते, आणि जे मागे उरते त्याच्यावर तेवढाच ऋणभार राहतो. फॉस्फरिक आम्लाजवळ असे तीन प्रोटॉन आहेत. ते तिन्ही एकदम मात्र सुटत नाहीत. पहिला सहज सुटतो. दुसरा सोडताना रेणू काचकूच करतो, कारण आधीच ऋणभारित झालेल्या रेणूमधून धनभारित कण दूर नेणे अधिक कष्टाचे असते. तिसरा तर सजीवांच्या शरीरात जवळजवळ सुटतच नाही.

ही काचकूच मोजायला आधी मोजपट्टी हवी होती. ती १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसन यांनी दिली. तिला इंग्रजीत पीएच आणि आपल्याकडे सामू म्हणतात. सात हा आकडा उदासीन, त्याखाली आम्लता आणि त्यावर अल्कता. या पट्टीवर प्रत्येक प्रोटॉनचे एक ठरावीक ठिकाण असते. सामू त्या ठिकाणी आला की निम्म्या रेणूंनी तो प्रोटॉन सोडलेला असतो आणि निम्म्यांनी धरून ठेवलेला असतो. रसायनज्ञ या आकड्याला 'पीके' म्हणतात. साध्या पाण्यात फॉस्फरिक आम्लाचे तीन पीके सुमारे २.१, ७.२ आणि १२.३ आहेत. या आकड्यांवरून भार कसा काढावा याचे सूत्र हार्वर्डच्या लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ साली मांडले आणि डेन्मार्कच्या कार्ल हासेलबाल्ख यांनी पुढे दशकभरात त्याला आजचे सुटसुटीत रूप दिले.

सूत्राचा गाभा असा: सामू पीकेच्या वर एक घर चढला की प्रोटॉन सोडलेल्यांची संख्या धरून ठेवणाऱ्यांच्या दहापट होते, एक घर उतरला की ती एक-दशांश होते. आपल्या रक्ताचेच उदाहरण घेऊ. रक्ताचा सामू ७.४ असतो. रक्तातल्या क्षारांमुळे फॉस्फेटचा दुसरा पीके ७.२ वरून सुमारे ६.८ वर येतो. फरक ०.६ घरांचा झाला, आणि तेवढ्या फरकाला गुणोत्तर चारास एक पडते. म्हणजे दर पाच फॉस्फेटांपैकी चारांवर दोन-दोन आणि एकावर एक ऋणभार. एकूण नऊ झाले. पाचांनी भागले की सरासरी १.८. एका फॉस्फेटावर १.८ ऋणभार! वैद्यकाच्या ग्रंथांत फॉस्फेटचे मिलिमोलमधून मिलिइक्विव्हॅलंटमध्ये रूपांतर करताना जो १.८ हा चमत्कारिक अपूर्णांक भेटतो, त्याचे मूळ हे आहे.

आता हेच फॉस्फेट मूत्रपिंडातून मूत्रात उतरते. मूत्राचा सामू ५.८ धरला तर हिशेब उलटतो. आता अकरांपैकी दहा फॉस्फेटांवर एकेकच भार उरतो आणि सरासरी १.१ च्या आसपास येते. मधले सुमारे ०.७ ऋणभार कुठे गेले? तितके प्रोटॉन वाटेत फॉस्फेटाला येऊन चिकटले. याचाच अर्थ, दर शंभर फॉस्फेटांच्या पाठीवर बसून सुमारे सत्तर प्रोटॉन शरीराबाहेर गेले. अन्नापासून रोज निर्माण होणारी आम्लता शरीर ज्या मार्गांनी बाहेर टाकते, त्यांतला हा एक प्रमुख मार्ग आहे. मूत्रपिंडे थकली की हा मार्गही आखडतो. तेव्हा फॉस्फेटचा भार हा रेणूच्या कपाळी कोरलेला कायमचा आकडा नव्हे. तो भोवतालच्या परिस्थितीप्रमाणे बदलणारा, चालू खात्यातला शिल्लक आकडा आहे. हा विचार पक्का धरला म्हणजे पुढची कथा उलगडायला सोपी जाईल.

भार मोजण्याआधी फॉस्फेट मोजता आले पाहिजे, आणि इथे एका भारतीयाचे नाव येते. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव मद्रासेत वैद्यक शिकून हार्वर्डला गेले. तेथे सायरस फिस्के यांच्यासह १९२५ साली त्यांनी स्फुरद मोजण्याची एक रंगपद्धती प्रसिद्ध केली. मॉलिब्डेटच्या योगाने फॉस्फेटपासून निळा रंग उत्पन्न करायचा आणि रंगाच्या गडदपणावरून फॉस्फेटचे प्रमाण ठरवायचे, अशी ती रीत. जीवरसायनाच्या प्रयोगशाळांतून ती पिढ्यानुपिढ्या वापरली गेली. या रीतीच्या बळावर दोघांनी १९२७ साली स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन ओळखले. १९२९ साली जर्मनीत कार्ल लोहमान यांनी आणि अमेरिकेत फिस्के व सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे स्नायूंमधून एक नवा रेणू वेगळा केला. तो म्हणजे अडेनोसिन ट्रायफॉस्फेट, ज्याला आज शाळेतली मुलेही एटीपी म्हणतात. सुब्बाराव यांना हार्वर्डमध्ये कायमचे पद मिळाले नाही. ते औषधनिर्मितीच्या क्षेत्रात गेले आणि १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

एटीपीमध्ये तीन फॉस्फेटे साखळीसारखी एकापुढे एक जोडलेली असतात. त्यांच्याजवळ मिळून सोडण्याजोगे चार प्रोटॉन आहेत. तीन सहज सुटतात. चौथ्याचा पीके शरीरातल्यासारख्या खारट द्रावणात सुमारे ६.५ आहे. पेशीतला सामू ७.१ धरला तर आपल्या मघाच्याच रीतीने गुणोत्तर चारास एक पडते आणि एकूण भार उणे ३.८ येतो. एवढ्या दाटीत जवळजवळ चार ऋणभार! सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात, हे आपण जाणतोच. साखळी तुटताना बाहेर पडणाऱ्या ऊर्जेमागे जी कारणे आहेत, त्यांतले एक म्हणजे ही आपसातली रेटारेटी. परंतु एटीपी पेशीत असा एकाकी फिरत नाही. मॅग्नेशियमचा दोन धनभार असलेला आयन त्याला बिलगून असतो आणि जोडीचा निव्वळ भार उणे दोनच्या आसपास राहतो. फॉस्फेटची देवघेव करणारी बहुतेक विकरे एटीपीला ओळखतात ती याच जोडीच्या रूपात. प्रोटॉनचा हिशेब चोख ठेवला पण मॅग्नेशियमची नोंद विसरली, तर उत्तर पुन्हा चुकते.

आता त्या प्रमादाकडे वळू. १९५० च्या सुमारास न्यूक्लिइक आम्लांपैकी डीएनए हे आनुवंशिकतेचे वाहक आहे ही गोष्ट पटू लागली होती, आणि त्याची रचना शोधण्याची चढाओढ सुरू झाली होती. घटक माहीत होते: साखर, फॉस्फेट आणि चार प्रकारचे क्षारक. त्यांची मांडणी कशी, हा प्रश्न होता. १९५१ च्या अखेरीस केंब्रिजचे जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी तीन साखळ्यांची एक प्रतिकृती उभी केली. तिच्यात फॉस्फेटे मध्यभागी होती, आणि त्यांची परस्परांतली रेटारेटी मिटवण्यासाठी मधे मॅग्नेशियमचे आयन कल्पिले होते. लंडनहून रोझालिंड फ्रँकलिन ती पाहायला आल्या. त्यांनी तिच्यातला दोष तत्काळ दाखवला. डीएनए पुष्कळ पाणी धरून ठेवते. मॅग्नेशियमचे आयन त्या पाण्याच्या वेढ्यात असणार, मग ते साखळ्यांना घट्ट बांधणार कसे? फॉस्फेटे बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या सान्निध्यातच असली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. प्रतिकृती मोडावी लागली.

त्यानंतर सव्वा वर्षाने, १९५३ च्या प्रारंभी, अमेरिकेचे लायनस पॉलिंग यांनी आपली रचना जाहीर केली. पॉलिंग म्हणजे रासायनिक बंधांच्या अभ्यासातले त्या काळचे सर्वश्रेष्ठ नाव. प्रथिनांतील सर्पिल रचना त्यांनी १९५१ साली उलगडली होती. रसायनशास्त्राचे त्यांचे पाठ्यपुस्तक जगभर वाचले जात होते. त्यांच्या लेखाची एक प्रत त्यांचे केंब्रिजमध्ये शिकणारे चिरंजीव पीटर यांच्याकडे जानेवारीच्या अखेरीस आली. वॉटसन यांनी ती वाचली. पुन्हा तीन साखळ्या आणि पुन्हा फॉस्फेटे मध्यभागी! ती एकमेकांना दूर का लोटत नाहीत? कारण पॉलिंग यांनी प्रत्येक फॉस्फेटाला त्याचा हायड्रोजन परत देऊन टाकला होता. फॉस्फेटांवर भारच नव्हता. हायड्रोजनच्या बंधांनी ती एकमेकांना धरून बसली होती.

सूत्र लावून पाहू. डीएनएच्या साखळीतल्या फॉस्फेटाचे दोन हात दोन बाजूंच्या साखरांत गुंतलेले असतात, आणि सोडण्यासारखा एकच प्रोटॉन उरतो. त्याचा पीके एकच्या आसपास आहे. पेशीचा सामू सातच्या आसपास. सहा घरांचा फरक, म्हणजे दहाचा सहावा घात. दहा लाख फॉस्फेटांमागे जेमतेम एकाजवळ हायड्रोजन असायचा, तिथे पॉलिंग यांनी तो प्रत्येकाला देऊन टाकला होता. त्यांच्या न्यूक्लिइक आम्लात आम्लच उरले नव्हते. जुनी, संदिग्ध क्ष-किरण छायाचित्रे हाताशी होती, धाग्यांत पाणी किती याचा अंदाज नव्हता, आणि घाई झाली होती, अशी कारणे इतिहासकार देतात. ती खरी असतील. पण महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जो ताळा करून पाहतो, तो ताळा त्या दिवशी जगातल्या अग्रगण्य रसायनज्ञाकडून राहून गेला, हेही तितकेच खरे. केंब्रिजमध्ये पुन्हा जोमाने काम सुरू झाले आणि २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'च्या अंकात दोन साखळ्यांची, फॉस्फेटे बाहेर ठेवणारी रचना प्रसिद्ध झाली. नावाच्या मोठेपणाने बेरीज बदलत नाही, हा या प्रसंगाचा बोध आमच्या कचेऱ्यांतूनही टांगून ठेवण्यासारखा आहे.

ज्या काळात परदेशांत हे शोध लागत होते, त्या काळात आपल्या देशात या शास्त्राची घडी बसत होती, आणि तिचे एक प्रमुख केंद्र बेंगळूरु होते. जमशेटजी टाटांच्या संकल्पातून आणि म्हैसूर दरबारच्या भूदानातून १९०९ साली उभी राहिलेली भारतीय विज्ञान संस्था जुन्या पिढीत 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणूनच ओळखली जाई. तेथे जीवरसायनाचा विभाग १९२१ सालापासून आहे. मराठी श्रोत्यांना ही संस्था कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांच्यामुळे विशेष जवळची वाटावी. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनी १९३३ साली मुंबईची पदवी घेऊन येथे आल्या, तेव्हा संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून का होईना, प्रवेश द्यावा लागला. श्री. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले, आणि पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली डॉक्टरेट मिळवली.

दुधाचा उल्लेख आलाच आहे, तर घरातलेच एक उदाहरण पाहू. दुधातील मुख्य प्रथिन केसीन. त्याच्या साखळीवर ठिकठिकाणी फॉस्फेटे जडवलेली असतात. ताज्या दुधाचा सामू ६.६ ते ६.७. त्या स्थितीत ही फॉस्फेटे ऋणभारित असतात आणि म्हणून धनभारित कॅल्शियमला धरून ठेवतात. दुधातून आपल्याला चुना मिळतो तो बऱ्याच अंशी या व्यवस्थेमुळे. केसीनचे कणही ऋणभारामुळे एकमेकांपासून अंतर राखतात, आणि दूध पातळ राहते. विरजण लावले की त्यातले जीवाणू आम्ल तयार करतात. सामू उतरू लागतो, प्रोटॉन येऊन चिकटतात, ऋणभार फिटत जातो. सामू ४.६ च्या जवळ आला की धन आणि ऋण यांची तोंडमिळवणी होते, कण एकमेकांना बिलगतात आणि दही लागते. आपली आजी सामू मोजत नव्हती. पण रोज रात्री ती हा हिशेब शून्यावर आणून निजत असे.

स्वातंत्र्यानंतर या विभागात प्राध्यापक के. व्ही. गिरी आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. १९५८ साली त्यांनी वनस्पतींतील फ्लेवोकायनेज या विकराचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे विकर रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वावर एटीपीकडचे एक फॉस्फेट चढवते. या एका कृतीने बिनभाराच्या जीवनसत्त्वावर जवळजवळ दोन ऋणभार येतात. त्याचा फायदा काय, याचे एक सुंदर उत्तर योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेतील बर्नार्ड डेव्हिस यांनी दिले. पेशीभोवतालचे पटल मेदाचे असते आणि भारित कणांना ते सहजी ओलांडता येत नाही. म्हणून पेशी आपल्या उपयोगाच्या लहान रेणूंवर भार चढवून ठेवते. गोठ्यातल्या गुराला दावे बांधावे तसे. आपण खाल्लेली साखर पेशीत शिरताच तिच्यावर पहिल्या पायरीलाच फॉस्फेट चढते, त्याचे एक कारण हे आहे. आता ती बाहेर पळून जाऊ शकत नाही.

येथवर भार काढला तो सूत्रांनी. तो रेणूवर प्रत्यक्ष कुठे बसला आहे, हे पाहण्याचा मार्ग स्फटिकांतून जातो, आणि त्या मार्गावर बेंगळूरुचे नाव ठळक आहे. विज्ञान संस्थेच्या भौतिकी विभागात प्राध्यापक एम. ए. विश्वमित्र यांनी न्यूक्लिओटाइडांच्या स्फटिकांचा अभ्यास हाती घेतला. हे स्फटिक वाढवणे मोठ्या चिकाटीचे काम. भारित रेणू एकटे रचले जात नाहीत. त्यांना जोडीला धनभारित आयन हवा. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम असे एकेक करून पाहावे लागते. केंब्रिजच्या ओल्गा केनर्ड यांच्या गटाने एटीपीच्या सोडियम क्षाराची रचना १९७० च्या सुमारास सोडवली होती. त्यांच्या सहकार्याने विश्वमित्र यांनी १९७५ साली सीडीपी-कोलीन या रेणूची आणि १९७६ साली एडीपीच्या रुबिडियम क्षाराची रचना 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केली. रुबिडियम हा पोटॅशियमच्या घराण्यातला, पण क्ष-किरणांना अधिक ठळक दिसणारा धातू आहे.

स्फटिकात भार वाचतात तरी कसा? हायड्रोजन इतका हलका की क्ष-किरणांना तो धड दिसत नाही. तेव्हा त्याची चाहूल अंतरांवरून घ्यावी लागते. स्फुरद आणि प्राणवायू यांतील अंतर प्राणवायूवर हायड्रोजन असेल तर सुमारे १.५६ अँगस्ट्रॉम भरते. हायड्रोजन सुटून गेला असेल तर ते आखडून १.५० च्या जवळ येते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. त्याच्याही काही शतांशांच्या फरकावरून, कोणत्या प्राणवायूने प्रोटॉन सोडला आणि कोणता धरून बसला, हे ठरते. एकच भार दोन-तीन प्राणवायूंनी वाटून घेतलेला असेल तर त्यांची अंतरे जवळजवळ सारखी येतात. कोणता धातू कोणत्या प्राणवायूला भिडला आहे, हेही कळते. सूत्राने काढलेली एकूण रक्कम बरोबर असली तरी ती कोणाकोणाच्या नावे पडली आहे, हे खातेवार दाखवणारा असा हा कागद आहे.

१९७८ साली विश्वमित्र, केनर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी डीएनएच्या चार न्यूक्लिओटाइडांच्या एका तुकड्याची रचना अणूंच्या पातळीवर स्पष्ट केली. डीएनएचा मणका सर्वत्र एकसारखा नसून क्षारकांच्या क्रमानुसार त्याची ठेवण बदलते, असे त्या छोट्या तुकड्याने सुचवले. पुढल्याच वर्षी त्यावरून एरन क्लुग यांच्यासह एक व्यापक कल्पना मांडली गेली. प्रथिने डीएनएवरची नेमकी जागा कशी ओळखतात, या प्रश्नाशी ती निगडित होती. १९५३ ची रचना ओढलेल्या धाग्यांच्या छायाचित्रांवरून आली होती. एकेका अणूची जागा दाखवणाऱ्या पहिल्या काही पुराव्यांत बेंगळूरुच्या या कामाची गणना होते.

डीएनएवरच्या एकूण ऋणभाराचा आकडा आपल्याला आता काढता येईल. माणसाच्या एका पेशीत क्षारकांच्या सहाशे कोटींहून अधिक जोड्या असतात. प्रत्येक जोडीमागे दोन फॉस्फेटे, म्हणजे बाराशे कोटींहून अधिक ऋणभार. सुमारे दोन मीटर लांबीचा हा भारित धागा डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात मावतो कसा? धनभारित हिस्टोन प्रथिनांच्या गोळ्यांवर तो गुंडाळलेला असतो म्हणून. १४७ जोड्यांचा, म्हणजे सुमारे तीनशे ऋणभारांचा एकेक वेढा एकेका गोळ्याभोवती बसतो. उरलेला भार भोवतालचे धातूंचे आयन सावरतात. १९६९ साली जेराल्ड मॅनिंग यांनी गणिताने दाखवले की मिठाच्या साध्या द्रावणातही डीएनएच्या सुमारे तीन-चतुर्थांश ऋणभारावर धनभारित आयनांचे दाट आवरण जमते, आणि दूरवरून जाणवतो तो फक्त चौथा हिस्सा. वहीतला भार आणि व्यवहारातला भार यांतला हा फरक कोणाही हिशेबनिसाला लगेच उमजेल.

मग निसर्गाने फॉस्फेटच का पसंत केले? १९८७ साली हार्वर्डचे फ्रँक वेस्टहायमर यांनी हाच प्रश्न शीर्षकात घालून एक निबंध लिहिला. त्यांचे उत्तर आपल्या हिशेबातूनच निघते. दोन हात दोन बाजूंना देऊनही ज्याच्याजवळ एक ऋणभार शिल्लक राहतो, असा जोडणारा दुवा फॉस्फेटच आहे. तो भार रेणूला पेशीत बांधून ठेवतो. शिवाय तो रेणूचे रक्षणही करतो. बंध तोडू पाहणारे पाण्याचे कण बहुधा आपले ऋण अंग पुढे करून येतात आणि ऋणभार त्यांना दूर लोटतो. विकरांच्या मदतीवाचून, केवळ पाण्याने, डीएनएतला असा एक बंध तुटायचा तर त्याची निम्मी मुदतच सुमारे तीन कोटी वर्षांची आहे, असे २००६ सालच्या मोजमापांतून निघाले. आणि योग्य विकर आले की तोच बंध क्षणार्धात सुटतो. टिकायचे तेव्हा टिकणारा आणि सोडायचे तेव्हा सुटणारा, असा दुवा आनुवंशिकतेला हवाच होता.

आज औषधांच्या शोधात संगणकावर रेणूंची नाटके बसवली जातात. ती सुरू करण्यापूर्वी प्रत्येक फॉस्फेटाला किती प्रोटॉन द्यायचे, हे कोणीतरी ठरवावे लागते. यंत्र हजारो रेणूंचा हिशेब क्षणात करते. परंतु सामू किती धरला, मॅग्नेशियम मोजले की नाही, पीके साध्या पाण्यातला घेतला की खारट द्रावणातला, हे प्रश्न माणसालाच विचारावे लागतात. ते विचारले नाहीत तर यंत्र पॉलिंग यांचीच चूक अधिक वेगाने आणि अधिक सुबक चित्रांसह करील. सुब्बारावांची निळी नळी, फ्रँकलिन यांचा पाण्याविषयीचा आक्षेप, विश्वमित्रांच्या स्फटिकांतली शतांश अँगस्ट्रॉमची अंतरे, या तिन्ही गोष्टी एकाच वृत्तीच्या आहेत. आकडा कागदावर उतरवण्यापूर्वी तो कोणत्या परिस्थितीत खरा आहे हे तपासून पाहायचे, ही ती वृत्ती. उद्या रक्ताच्या अहवालावर फॉस्फेटचा आकडा दिसला तर त्याच्या पोटात एक पूर्णांक आठ दशांश दडलेले आहेत, एवढे आपण आठवावे. आणि रात्री दुधाला विरजण लावताना, त्या पातेल्यात आता ऋणभार फिटू लागला आहे, एवढे जाणावे.